सहाव्या लेव्हलचा मंक कुचकामी वाटतोय, क्लास बदलू का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: डन्जन्स अँड ड्रॅगन्स या टेबलावर बसून खेळायच्या कथाखेळाची पाचवी आवृत्ती, २०१४चे नियम, सहाव्या लेव्हलचा ओपन हँड मंक (मंक हा हातापायांनी लढणाऱ्या संन्याशाचा क्लास, म्हणजे पात्राचा प्रकार, आणि ओपन हँड ही त्याची शाखा). पार्टीत, म्हणजे तुमच्या गटात, बार्बेरियन (रानटी योद्धा), विझार्ड (जादूगार) आणि रोग (लपूनछपून वार करणारा चोरटा). तुमचे की पॉइंट्स (खास क्षमतांसाठी खर्चायचा साठा) दुसऱ्या राऊंडलाच संपतात, स्टनिंग स्ट्राइक (एक की खर्चून शत्रूला सुन्न करणारा वार) बहुतेक वेळा वाया जातो, बार्बेरियनच्या बाजूला उभे राहिलात की आधी तुम्हीच पडता. लढाई नसते तेव्हा ‘गूढ, शांत’ मंक नुसता शांत बसून असतो. डीएमने (खेळ चालवणाऱ्या डन्जन मास्टरने) फायटर, म्हणजे साधा लढवय्या, घ्या असे सुचवले आहे. बदलू का?

मी बरीच वर्षे डीएम म्हणून टेबलावर बसते आणि संधी मिळाली की स्वतः मंकच घेते, त्यामुळे हा क्लास माझ्या जिव्हाळ्याचा आहे. तुमचे वर्णन वाचून वाटते की इथे दोन वेगळ्या अडचणी एकमेकींत गुंतल्या आहेत. पहिली म्हणजे तुमचा मंक बार्बेरियनच्या जागेवर उभा राहून बार्बेरियनचेच काम करतो आहे. दुसरी म्हणजे त्याचे गूढपण फक्त कॅरेक्टर शीटवर लिहिलेले आहे, टेबलावर येत नाही. दोन्ही सुटण्यासारख्या आहेत, पण काही गोष्टी तुमच्या हातात नाहीत आणि त्या डीएमशी बोलूनच ठरतील. त्यांच्याकडे पुढे येते.

आधी आकडे. सहाव्या लेव्हलला डेक्स्टेरिटी (चपळाई) १८, विज्डम (समज) १६ आणि कॉन्स्टिट्यूशन (काटकपणा) १४ धरली, तर सरासरीने तुमचे हिट पॉइंट्स (किती मार सोसता येतो तो आकडा) ४५ आणि एसी (तुम्हाला वार लागायला शत्रूला फाशावर गाठावा लागणारा आकडा) १७. कॉन्स्टिट्यूशन १६ असलेल्या बार्बेरियनचे हिट पॉइंट्स ६५. वरवर फरक वीसचाच, पण रेजमध्ये (त्याच्या संतापाच्या अवस्थेत) त्याला तलवार, भाला, गदा यांचे डॅमेज अर्धेच लागते. म्हणजे अशा लढाईत तो १३० हिट पॉइंट्सचा माणूस आहे. त्याच्या खांद्याला खांदा लावून तुम्ही उभे राहिलात तर आधी तुम्हीच पडणार, यात तुमच्या खेळण्याचा दोष नाही.

डॅमेजचे पाहा. दोन्ही हातांनी धरलेल्या क्वार्टरस्टाफचे दोन वार आणि बोनस अॅक्शनचा (पाळीत मुख्य कृतीशिवाय मिळणाऱ्या छोट्या कृतीचा) एक ठोसा, सगळे लागले तर सरासरी साडेचोवीस. एक की खर्चून फ्लरी केली, म्हणजे एका ठोशाऐवजी दोन मारले, तर बत्तीस. ग्रेटसोर्डवाला बार्बेरियन रेजमध्ये दोन वारांत सव्वीस करतो. इथपर्यंत तुम्ही मागे नाही. पण त्याच्याकडे ग्रेट वेपन मास्टर हे फीट (ऐच्छिक खास कौशल्य) असेल तर प्रत्येक वाराला दहा वाढतात, म्हणजे सव्वीसचे शेहेचाळीस होतात. त्या फीटमुळे नेमाच्या फाशातून पाच वजा होतात खरे, पण रेकलेस अटॅकचा (बेफिकीर हल्ल्याचा) अॅडव्हान्टेज, म्हणजे दोन फासे टाकून मोठा घेणे, तो तोटा बराचसा भरून काढतो. शिवाय पुढच्या लेव्हल्सना ही दरी वाढतच जाते. डॅमेजच्या शर्यतीत मंक उतरला तर तो हरणारच, आणि त्या शर्यतीसाठी तो बनवलेलाही नाही.

मग कशासाठी बनवला आहे? माझे उत्तर असे: पार्टीतल्या बाकी कोणाचाही हात पोहोचत नाही तिथे पोहोचायचे आणि तिथल्या शत्रूची पाळी वाया घालवायची. लढाई सुरू झाली की ‘जास्त डॅमेज कुठे करता येईल’ हा प्रश्न मनातून काढा. ‘या नकाशावर बार्बेरियनला दोन राऊंड लागतील असा, पण आत्ता आम्हाला सर्वांत जास्त त्रास देणारा कोण आहे’ हे विचारा. बहुतेक वेळा तो मागच्या रांगेतला जादूगार असतो, नाहीतर उंचावरचा धनुर्धारी, नाहीतर दोर कापायला किंवा घंटा वाजवायला धावणारा माणूस.

माणूस जातीचा मंक सहाव्या लेव्हलला एका पाळीत ४५ फूट जातो. स्टेप ऑफ द विंडसाठी (बोनस अॅक्शनने पुन्हा धावण्यासाठी) एक की दिली तर नव्वद फूट, आणि तरीही अटॅक अॅक्शन शिल्लक राहते. पार्टीत दुसऱ्या कोणाला हे जमते का ते बघा. शिवाय तुम्हाला स्लो फॉल आहे, म्हणजे पडल्यावर लागणारे डॅमेज तीसने कमी होते. साठ फुटांवरून पडल्यावर सहा डी६ (सहा बाजूंचे सहा फासे) लागतात, सरासरी एकवीस, म्हणजे बहुतेक वेळा तुम्ही खरचटल्याशिवाय उभे राहता. बुरुजावरून उडी मारणे हा तुमच्यासाठी रोजचा रस्ता आहे, तो वापरा.

आता स्टन. इथे बहुतेक मंक की उधळतात, आणि तुमचेही तेच होत असणार: दर पाळीला एक फ्लरी आणि दोन स्टन, म्हणजे तीन की. दोन राऊंडमध्ये सहा संपले. तुमचा सेव्ह डीसी, म्हणजे स्टनपासून वाचायला शत्रूला फासा आणि बोनस मिळून गाठावा लागणारा आकडा, १४ आहे. मॉन्स्टर मॅन्युअल या शत्रूंच्या पुस्तकातल्या मेजची (एका जादूगाराची) कॉन्स्टिट्यूशन ११, म्हणजे बोनस शून्य, तो पासष्ट टक्के वेळा फसतो. ऑगर या धिप्पाड राक्षसाची १६, तो निम्म्या वेळा फसतो. तरुण लाल ड्रॅगनचा कॉन्स्टिट्यूशन सेव्ह अधिक नऊ आहे, तो फक्त वीस टक्के वेळा फसतो. एकच क्षमता, एकच की, पण समोर कोण आहे त्यावर तिची किंमत तिपटीने बदलते. तुमचा स्टन ‘बहुतेक वेळा वाया जातो’ याचा अर्थ तुम्ही बहुधा तो सर्वांत धिप्पाड शत्रूवर वापरता. धिप्पाड शत्रू बार्बेरियनला सोडा. तुम्ही किडकिडीत पण धोकादायक माणूस शोधा.

मेजपाशी पोहोचलात की खर्च कसा करायचा तेही सांगते. पोहोचायला एक की, पहिला वार लागला की स्टनसाठी एक. फसला नाही तर दुसऱ्या वाराला आणखी एक. दोन प्रयत्नांत तो अडकण्याची शक्यता जवळजवळ अठ्ठ्याऐंशी टक्के होते. आणि तो अडकला की थांबायचे, पुढे एकही की नाही. त्याची पाळी गेली, तो ज्या जादूवर कॉन्सन्ट्रेशन धरून होता ती मोडली, त्याच्यावरच्या सगळ्या हल्ल्यांना अॅडव्हान्टेज मिळाला. म्हणजे तुमच्या रोगला लांबून बाण मारूनही तीन डी६ स्नीक अटॅक (त्याचे जादा डॅमेज) मिळतो. तुमच्या पुढच्या पाळीच्या शेवटापर्यंत स्टन टिकतो, म्हणून ती पाळी तुम्हीही फुकटच्या बोनस ठोशासह अॅडव्हान्टेजने खेळता. ज्याची डेक्स्टेरिटी सेव्ह आपोआप फसते त्याच्यावर फायरबॉल टाकायला विझार्डला सांगावेही लागत नाही. फक्त तेवढ्यात तुम्ही बाजूला झालेले असा.

या सगळ्याचे डॅमेज कोणाच्या नावावर जाते? रोगच्या आणि विझार्डच्या. मंक खेळणाऱ्याला आपण कुचकामी आहोत असे वाटण्याचे माझ्या मते सर्वांत मोठे कारण हेच आहे. टेबलावर मोठा आकडा दुसराच कोणीतरी उच्चारतो. तो आकडा शक्य कोणी केला हे मी डीएम म्हणून मुद्दाम बोलून दाखवते: ‘मंकने त्याचा श्वास रोखून धरलाय, म्हणून बाण थेट गळ्यात.’ तुमच्या डीएमला एवढे एक वाक्य मागायला संकोच करू नका.

ओपन हँडकडे आणखी एक अस्त्र आहे आणि ते फार कमी वापरले जाते. फ्लरीचा ठोसा लागला की तुम्ही शत्रूला पाडू शकता, पंधरा फूट ढकलू शकता किंवा तुमच्या पुढच्या पाळीच्या शेवटापर्यंत त्याची रिअॅक्शन (दुसऱ्याच्या पाळीत करायची कृती) काढून घेऊ शकता. या तिसऱ्या पर्यायाला सेव्हच नाही. रिअॅक्शन गेली म्हणजे शत्रू-जादूगाराचे शील्ड (बचावाची जादू) गेले, काउंटरस्पेल (दुसऱ्याची जादू मोडणारी जादू) गेले, आणि तुमचा विझार्ड एखाद्या राक्षसाच्या कचाट्यातून संधीवार (निसटताना मिळणारा फटका) न खाता निघून जाऊ शकतो. पाडण्यासाठी डेक्स्टेरिटी सेव्ह लागतो. जो ऑगर कॉन्स्टिट्यूशनवर निम्म्या वेळा वाचतो, तोच डेक्स्टेरिटीवर सत्तर टक्के वेळा आडवा होतो. धिप्पाड शत्रूवर की खर्च करायचीच असेल तर स्टनऐवजी फ्लरीवर करा आणि त्याला बार्बेरियनच्या पायाशी पाडा.

बाणांकडे दुर्लक्ष करू नका. डिफ्लेक्ट मिसाइल्स ही बाण अडवण्याची क्षमता सरासरी साडेपंधरा डॅमेज अडवते, साध्या लाँगबोच्या बाणाचे सरासरी डॅमेज त्याच्या निम्मेही नसते, आणि नुसते अडवायला की लागत नाही. तो परत भिरकवायचा असेल तरच एक की. दारातून आधी तुम्ही आत जा, बाण तुमच्यावर येऊ द्या. (डीएम लोकांनो, मंकवर बाण सोडा. ज्याच्याकडे ही क्षमता आहे त्याच्यावर नेम न धरणारा डीएम त्याचे वैशिष्ट्यच हिरावून घेतो.)

आता जे तुमच्या हातात नाही ते.

मंकचे सगळे गणित शॉर्ट रेस्टवर, म्हणजे की परत मिळवून देणाऱ्या छोट्या विश्रांतीवर, उभे आहे. २०१४च्या डन्जन मास्टर्स गाइडमध्ये दिवसाला सहा ते आठ मध्यम किंवा कठीण चकमकी आणि मध्ये साधारण दोन शॉर्ट रेस्ट असा अंदाज धरलेला आहे. त्या हिशेबाने तुम्हाला दिवसाला अठरा की मिळतात. पण अनेक टेबलांवर दिवसाला एकच मोठी लढाई होते आणि मग सगळे झोपतात. तिथे विझार्ड आपले सगळे स्पेल स्लॉट त्या एका लढाईत ओततो आणि तुम्ही सहा की घेऊन बसता. तुमच्या टेबलावर असे होत असेल तर मंक खरोखरच कमी पडतो आणि कितीही हुशारीने खेळलात तरी ती तूट पूर्ण भरत नाही. नकाशाचेही तसेच. दर लढाई वीस बाय वीस फुटांच्या खोलीत असेल तर तुमच्या वेगाचा काय उपयोग? उंची, पाणी, अंतर, मागे उभा असलेला शत्रू यांतले काहीतरी डीएमने मांडायला हवे.

थोडक्यात इतकेच, की लढाईत तुमची जागा बदला, स्टनचे लक्ष्य बदला, आणि शॉर्ट रेस्टविषयी डीएमशी स्पष्ट बोला. आता गूढपणाकडे येते, कारण तुमच्या प्रश्नाचा तो भाग मला जास्त महत्त्वाचा वाटतो.

मंक पहिल्यांदा आला १९७५च्या ब्लॅकमूर पुरवणीत आणि १९७८च्या अॅडव्हान्स्ड डी अँड डीच्या प्लेअर्स हँडबुकमध्ये तो रुळला. त्या काळी त्याचे संन्यस्तपण नियमांतच विणलेले होते. चिलखत नाही, जादूच्या वस्तू मोजक्याच बाळगायच्या, आणि वरच्या लेव्हल्सवर जागाच थोड्या, म्हणून वर चढायचे तर त्या जागेवरच्या मंकला द्वंद्वात हरवावे लागे. खेळाडूच्या मनात असो वा नसो, मठ आणि गुरुपरंपरा खेळात येतच असे. १९८९च्या दुसऱ्या आवृत्तीच्या हँडबुकमध्ये हा क्लास नव्हता, २००० साली तिसऱ्या आवृत्तीत परतला, चौथ्या आवृत्तीत २०१० साली तो मनःशक्तीवाल्या क्लासेसमध्ये गेला. पाचव्या आवृत्तीत त्याच्याकडे उरला तो पॉइंट्सचा साठा. व्रत, बंधन, मठाची मागणी हे सगळे नियमांतून निघाले. म्हणून तुम्ही ते टेबलावर आणले नाही तर ते येणारच नाही. शांत बसलेला मंक इथूनच तयार होतो.

एक धागा मात्र नियमांत शिल्लक आहे आणि तो बहुतेक जण वाचून विसरतात. शॉर्ट रेस्टमध्ये की परत मिळवायचे असतील तर किमान तीस मिनिटे ध्यानात घालवावी लागतात. टेबलावर हे कोणी खेळत नाही, फक्त ‘की परत आले’ म्हणून शीटवर खाडाखोड होते. ती तीस मिनिटे मागून घ्या. दोन वाक्ये पुरतात: आत्ता जो माणूस माझ्या हातून मेला त्याचा चेहरा डोळ्यांसमोरून जात नाहीये, श्वास मोजताना मी तिसऱ्यावर अडकतो. डीएमला त्यात काही घालायचे असेल, एखादी चाहूल, एखादी आठवण, तर त्यालाही जागा मिळते. माझ्या टेबलावर मंकच्या ध्यानात मी नेहमी काहीतरी देते: जमिनीखालची थरथर, दूरवर कोणीतरी तसेच ध्यान लावून बसल्याची जाणीव. कथेचे कितीतरी धागे मला या अर्ध्या तासात पेरता आले आहेत. आणि यातून आणखी एक होते: पार्टीच शॉर्ट रेस्टची वाट पाहायला लागते.

दुसरे, त्याला एक असे व्रत द्या ज्याची किंमत मोजावी लागते. ‘खरे बोलायचे’, ‘हिंसा टाळायची’ अशी गुळगुळीत व्रते टेबलावर मरतात, कारण त्यांचा रोज कशाशी संबंध येत नाही. एका मोहिमेत एका खेळाडूने घेतलेले व्रत मला फार आवडले होते: ज्याच्यावर हात उचलला त्याचे नाव विचारायचे. नियम सांगतात की स्टन झालेला प्राणी अडखळत बोलू शकतो. त्यामुळे तो मंक दर लढाईत शत्रूला जखडून नाव विचारायचा, आणि मला डीएम म्हणून प्रत्येक डाकूला नाव द्यावे लागायचे. नाव आले की घर येते, गाव येते. जवळून केलेल्या वाराने हिट पॉइंट्स शून्यावर आले तर मारायचे की बेशुद्ध करायचे हे मारणारा ठरवतो. तो मंक बेशुद्ध करायचा. पार्टीतले दोघे त्यावर चिडायचे, आणि त्या भांडणांतूनच आमच्या मोहिमेतली सर्वांत चांगली संभाषणे झाली. तुमच्यासाठी हेच व्रत असावे असे नाही. पण ते दर सत्रात एकदा तरी आड आले पाहिजे.

तिसरे, शांतपणा आणि निष्क्रियता यांची गल्लत करू नका. विज्डम १६ आणि इनसाइट (समोरच्याचे मन ओळखण्याचे कौशल्य) शिकलेले असेल तर तुमचा बोनस अधिक सहा आहे. बहुधा पार्टीत सर्वांत चांगला. सरदाराशी बोलणी रोगला करू द्या, पण तुम्ही दर संभाषणात डीएमला विचारा: ‘तो कोणाकडे बघायचे टाळतोय?’ उत्तर मिळाले की एकच वाक्य बोला. चार माणसे बडबडत असताना खोटे पकडणारा जो एक शांत माणूस असतो, त्याची भीती वाटते. शिवाय शस्त्रे दारात ठेवायला लावणाऱ्या प्रत्येक दरबारात, प्रत्येक तुरुंगात, तुम्ही पूर्ण सज्ज असता. डीएमला असा एखादा प्रसंग आणायला सांगा.

एक विनंती: सुभाषिते बोलणारा, डोळे मिटून हसणारा, सगळ्याची उत्तरे माहीत असलेला म्हातारा होऊ नका. तो साचा इतका झिजलेला आहे की टेबलावरचे लोक ऐकणेच सोडून देतात, आणि ज्या खऱ्या साधनापरंपरांवरून तो उचलला आहे त्यांच्यावरही अन्याय होतो. साधक म्हणजे न सुटलेला प्रश्न घेऊन बाहेर पडलेला माणूस. तुमचा मंक मठ सोडून का आला? गुरूने काय सांगितले जे त्याला पटले नाही? मठाला त्याच्याकडून आता काय हवे आहे? यांतल्या एकाचेही उत्तर तुमच्याकडे नसेल तर आधी ते ठरवा.

आवृत्ती बदलता येत असेल तर तोही मार्ग आहे. २०२४च्या हँडबुकमध्ये की पॉइंट्सना फोकस पॉइंट्स म्हणतात. डॅश आणि डिसएंगेज बोनस अॅक्शनने फुकट मिळतात, अडवण्याची क्षमता तलवारीच्या वारालाही चालते, आणि दिवसातून एकदा इनिशिएटिव्ह (पाळ्यांचा क्रम ठरवणारा फासा) टाकताना सगळे पॉइंट्स परत घेता येतात, म्हणजे एका मोठ्या लढाईच्या टेबलांची अडचण बरीच कमी होते. स्टन मात्र पाळीला एकदाच, पण शत्रू वाचला तरी त्याचा वेग निम्मा होतो आणि त्याच्यावरच्या पुढच्या हल्ल्याला अॅडव्हान्टेज मिळतो. पाथफाइंडर या अशाच वेगळ्या खेळाची दुसरी आवृत्ती वेगळ्याच वाटेने जाते: फ्लरीला तिथे कोणताही साठा खर्चावा लागत नाही आणि गूढ शक्ती तुम्ही निवडल्या तरच येतात. पूर्णपणे शरीराचा, कसलीही अतींद्रिय शक्ती नसलेला मंक तिथे आरामात खेळता येतो.

फायटरचे म्हणाल तर, ते तुम्हाला टेबलावर कशात आनंद मिळतो यावर आहे. फाशांची मूठ टाकून मोठा आकडा मोजण्यात आणि सगळ्यांच्या पुढे उभे राहून वार झेलण्यात मजा येत असेल, तर बदला, त्यात कमीपणा काहीच नाही. पण निर्णय आज घेऊ नका. सातव्या लेव्हलला तुम्हाला इव्हेजन मिळते, म्हणजे डेक्स्टेरिटी सेव्ह जमला तर फायरबॉलचे डॅमेज शून्य. त्याबरोबर स्टिलनेस ऑफ माइंड, म्हणजे भीती किंवा मोहिनी एका अॅक्शनमध्ये झटकता येते. मागच्या रांगेतल्या जादूगारांवर धावून जाणाऱ्याला हेच दोन हवे असतात. तोवर वर सांगितले तसे खेळून पाहा. आणि ओपन हँडला सहाव्या लेव्हलला मिळणारा होलनेस ऑफ बॉडी, लाँग रेस्टमागे (रात्रभराच्या विश्रांतीमागे) एकदा अठरा हिट पॉइंट्स परत, तुम्ही प्रश्नात कुठे लिहिलेला नाही. तो शीटवर आहे का ते आधी बघा.

त्यानंतरही मन रमले नाही तर डीएमला सांगून मंकला मठात परत पाठवा, मारू नका. त्याने विचारलेला प्रश्न, त्याचे अर्धवट व्रत आणि त्याला ओळखणारी पार्टी हे सगळे डीएमच्या हाती राहील, आणि तुमच्या नव्या फायटरला पहिल्याच सत्रात कोणाचा तरी निरोप घेऊन यायला कारण मिळेल.